तुकडे जोडायचे की वरून लावायचे?

धुळवड जवळ आली की नाशकात जुन्या कपड्यांची बोचकी सुटतात. संध्याकाळी वीरांची मिरवणूक, देवघरातले टाक गोदावरीवर न्यायचे, आणि घरातलं एखादं पोर मावळा नाहीतर खंडोबा झालेलं. भाड्याचा पोशाख मिळतो, पण तो हमखास दोन वर्षांनी मोठ्या मुलाच्या मापाचा असतो. म्हणून घरीच शिवायला बसलं की कोणीतरी सांगतंच, "लाव की तुकडे, गोधडीसारखे."

तुकडे लावणं म्हणजे नक्की काय? पॅचवर्कमध्ये तुकडे कडेला कड लावून शिवतात आणि त्यांचंच कापड तयार होतं. खाली काही नसतं. अ‍ॅप्लिकमध्ये कापड आधीच धड असतं, तुकडा त्याच्यावर बसतो. ओडिशातल्या पिपलीच्या छत्र्या-चांदव्यांवर दिसतो तसा. ठिगळ त्याचंच गरीब भावंड, फक्त खाली भोक असतं. आणि गोधडी? तिच्यात थरांना धरून ठेवतो तो आरपार गेलेला धावदोरा. तेव्हा तिचं नाव दोन्हीकडे उगाचच घेतलं जातं.

फरक कळतो तो हिशेबात. भाच्याच्या अंगरख्याच्या पुढच्या भागासाठी मी चार-चार इंचांचे सहा तुकडे कापले. साहा चोक चोवीस, मी खूश. जोडताना प्रत्येक तुकड्याच्या कडेचा अर्धा इंच शिलाईत जातो, म्हणजे एका जोडाला एक इंच. पाच जोड झाल्यावर पट्टी भरली एकोणीस इंच, बाजूच्या शिलाया अजून बाकीच. चार इंचांचा चौकोन दिसायला हवा असेल तर पाच इंचांचा कापावा लागतो, हे रात्री अकरा वाजता उमगलं. शिवाय एक तुकडा उभ्या धाग्यात आणि शेजारचा उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असेल, तर गळा एका बाजूला ओढला जातो. इस्त्रीनंही तो सरळ होत नाही.

शेवटी मामाचा जुना पांढरा झब्बा काढला, बाह्या आणि बगला उसवून लहान केला आणि वरून तुकडे लावले. पोशाखाला माझं मत याच पद्धतीला. माप झब्बा सांभाळतो, तुकड्यांनी फक्त शोभा आणायची. आजीच्या विरलेल्या येवल्याच्या पैठणीत पदर तेवढा शाबूत होता. त्यातला मोर पाठीवर बसवला. असा मोर काठोकाठ कापू नका, रेशीम लगेच उसवतं. चहूबाजूंनी बोटभर कापड ठेवा, ते आत दुमडा, टाचण्या लावा, मग बारीक टाक्यांनी तुरपाई. बगला शिवण्याआधीच हे उरका. बगला मिटल्या असतील तर आत घडी केलेलं वर्तमानपत्र सरकवा, नाहीतर पाठ आणि पोट एकत्र शिवलं जातं.

पॅचवर्क अगदीच टाकाऊ नाही. पोतराजासारखा घेरदार, रंगीबेरंगी घागरा करायचा असेल तर तेच हवं, तिथे इंच-दोन इंच कमी-जास्त कोण बघतं.

लाल किंवा जांभळा खण वापरत असाल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून पाहा. गोदाकाठी पोरं भिजतातच. रुमाल गुलाबी झाला तर तो तुकडा अंगरख्याला नको, कमरेच्या गडद शेल्याला लावा.