कार्डाचं बिल थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत

"कार्डाचे पैसे भरले नाहीत तर पोलीस उचलतात" हे सांगलीत मार्केट यार्डातल्या हमालापासून विश्रामबागच्या नोकरदारापर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वसुलीवाल्यांचं याच भीतीवर भागतं. पण हे खरं नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, फौजदारी गुन्हा नाही; बँक कोर्टात दावा लावू शकते. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड काढलं असेल किंवा दिलेला चेक वटला नसेल, तर गोष्ट वेगळी.

वसुलीचा फोन आला की आधी पैशाचं बोलूच नका. कुठल्या बँकेचं कार्ड, शेवटचे चार आकडे, मूळ रक्कम किती, व्याज-दंड किती, हे लेखी मागा. मग एजंटाने दिलेल्या नंबरवर नव्हे, थेट शाखेत जाऊन विचारा: हा माणूस तुम्हीच नेमलाय का? सिबिलचा, म्हणजे लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यातही हे कर्ज दिसतंय का बघा.

"तूर्त पाचशे तरी टाका" या बोलण्याला मात्र भुलू नका. बँकेला कोर्टात दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं असते. ती संपण्याआधी थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करणं तर अजिबात चालत नाही. तसं झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी लागत नाही.