चलान आलं? पैसे भरण्याआधी फोटो बघा

आमच्याकडे लायसन्सच्या कामाला येणारे निम्मे लोक जाता जाता मोबाइल पुढे करतात, 'हे चलान भरून टाका हो.' आम्ही आधी फोटो उघडतो. दंड भरला की गुन्हा कबूल केल्यासारखा असतो, म्हणून ही दोन मिनिटं घालवाच.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. व्हॉट्सॲपवर 'चलान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती सरळ उडवा. त्यातून बँक खाती रिकामी होतात. महाट्रॅफिकच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर टाकून खात्री करा.

फोटोतली गाडी तुमचीच आहे ना? नंबर तुमचा, पण रंग किंवा मॉडेल दुसरंच, असंही होतं. तसं असेल तर पैसे न भरता तिथेच तक्रार नोंदवा, सोबत आरसी आणि आपल्या गाडीचा फोटो जोडा. विकलेल्या गाडीचं चलान येत असेल तर गाडी अजून तुमच्या नावावर आहे. विक्रीनंतर १४ दिवसांत फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, आरटीओत द्यायचा असतो. 'घेणारा करून घेईल' यावर विसंबू नका.

आता खरा मुद्दा. दंडाचे पैसे जातात आणि विषय मिटतो, लायसन्सचं तसं नाही. हेल्मेट नसणं किंवा ट्रिपल सीट, या दोन्हींत कायद्यात दंडासोबत ३ महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल हातात धरणं, दारू पिऊन गाडी चालवणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. तेव्हा मिळणारी पोच हातात आहे म्हणून गाडी चालवता येत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. निलंबनाच्या काळात चालवताना सापडलात तर १०,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आरटीओची नोटीस आली तर ती फ्रिजवर ठेवून विसरू नका. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. दिलेल्या तारखेला कागद घेऊन जा. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

जुनी चलानं साचली असतील तर लोक अदालतीच्या तारखेवर लक्ष ठेवा, तिथे तडजोडीने निकाली निघू शकतात. दारूच्या केसला मात्र वकील गाठा, ते आमचं काम नाही.

येताना आरसी, लायसन्स आणि चलानाचा नंबर आणा. डिजिलॉकरमधली प्रतही चालेल.