नोटरी करून आणलं, तरी कागद परत का येतो?

सरकारी कार्यालयाच्या खिडकीवरून “नोटरी करून आणा” एवढंच सांगतात. माणूस कागद टाइप करून घेतो, घरीच सगळीकडे सह्या करतो आणि मग नोटरीकडे जातो. घोटाळा तिथेच होतो. प्रतिज्ञापत्रावरची सही नोटरीसमोरच करायची असते. मजकूर खरा असल्याची हमी नोटरी देत नाही. अमुक व्यक्तीने माझ्यासमोर शपथेवर सही केली, एवढंच तो सांगतो. त्यामुळे गावी असलेल्या आईचा कागद मुलाने नेऊन चालत नाही, मुलगा कितीही ओळखीचा असो.

ओळखपत्र मूळ न्या. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे वाक्य मजकुरात आधीच घाला. निघण्यापूर्वी नोटरीच्या वहीत तुमची सही झाली का आणि कागदावर नोंद क्रमांक, तारीख, गोल शिक्का आहे का, ते बघा. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला प्रत्येक जण नोटरी नसतो. फीचं दरपत्रक लावणं नोटरीला बंधनकारक आहे, बिनधास्त विचारा.

आता स्टॅम्प पेपर. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी २०२४ मध्ये शंभराऐवजी पाचशेचा स्टॅम्प आल्यावर अनेक गरिबांना पाचशेचा भुर्दंड पडला. शिवाय २०१५ च्या शासन निर्णयानुसार बऱ्याच कामांना साधं स्वयंघोषणापत्र, म्हणजे स्वतःच सही करून दिलेलं निवेदन, पुरतं. म्हणजे नोटरीच लागत नाही! आधी खिडकीवर तेवढं विचारून घ्या.

सगळ्यात महाग पडतं ते “नोटरीवर घेतलेलं” घर. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. घर भाड्याने देताना केलेला लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदणीकृतच हवा. लग्न लावून देण्याचा किंवा घटस्फोट करून देण्याचा अधिकार तर नोटरीला मुळीच नाही.

परदेशातून मुलाने पाठवलेल्या मुखत्यारपत्राची (पॉवर ऑफ अॅटर्नी) मुदतही लोक चुकीची मोजतात. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून (मुद्रांक शुल्क भरून) घ्यायचं असतं, सही केल्याच्या तारखेपासून नव्हे. ज्या पाकिटातून ते आलं, ते फेकू नका. पोचल्याची तारीख दाखवायला लागतं.