पत्ता, किल्ली आणि बारा शब्द

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर परिसरातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभरातल्या सराफ पेठांत पसरलेली आहेत. अशाच एका घरातल्या तरुणाने जत्रेला गावी आल्यावर मला वहीचे एक पान दाखवले. त्यावर त्याच्या बिटकॉइन या डिजिटल चलनाच्या वॉलेटचे, म्हणजे त्यातल्या पैशांची किल्लीच असलेले, बारा इंग्रजी शब्द घाईघाईने देवनागरीत उतरवलेले होते आणि आठवा शब्द ‘वर्ड’ की ‘वर्ल्ड’, हे त्याचे त्यालाच लागत नव्हते. वडील त्या पानाला खाते क्रमांक समजत होते. “पैसे पाठवणाऱ्याला याचा फोटो धाडू का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. जगाला सांगायचा पत्ता वेगळा आणि जिवापाड जपायची किल्ली वेगळी, हा भेद त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

हा भेद बिटकॉइनहून बराच जुना आहे. १९७६ पर्यंत सर्वसामान्य समज असा होता, की ज्या किल्लीने मजकूर कुलूपबंद करायचा तिनेच तो उघडायचा, त्यामुळे ती दोघांकडे असायलाच हवी. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी किल्ल्यांची जोडी सुचवली : एक उघड, एक गुप्त. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती व्यवहारात आणली, तर १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी स्वतंत्रपणे लंबवर्तुळी वक्रांचे गणित या कामाला जोडले. या जोडीतूनच डिजिटल सही शक्य झाली. मराठी वाचकाला तिची कल्पना ‘शिक्कामोर्तब’ या शब्दावरून चटकन यावी. सातारा ही मराठ्यांची राजधानी होती, त्या काळच्या राजपत्रांत मजकुराच्या आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब उमटवत, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. डिजिटल सही याच्याही पुढे जाते. ती प्रत्येक मजकुरासाठी वेगळी निघते, एक अक्षर बदलले तरी जुळत नाही, आणि गुप्त किल्ली न पाहताही ती कोणालाही पडताळता येते.

बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, ३ जानेवारी २००९ चा आहे. त्यातली प्रायव्हेट की, म्हणजेच गुप्त किल्ली, ही २५६ बिटांची (बिट म्हणजे शून्य किंवा एक) एक यादृच्छिक संख्या. दशमान पद्धतीत लिहिली तर ती साधारणपणे ७७-७८ अंकी भरते. तिच्यापासून पब्लिक की, म्हणजे उघड किल्ली, काढणे संगणकाला क्षणाचे काम, पण उलट जाण्याचा व्यवहार्य मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही. पब्लिक कीवर एकामागून एक दोन हॅश प्रक्रिया, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा सारांश काढणाऱ्या गणिती क्रिया, करून १६० बिटांचा सारांश निघतो, त्याला तपासणीचे ३२ बिट जोडले जातात आणि मग पत्ता तयार होतो. या जुन्या पद्धतीच्या पत्त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि लहान एल वापरतच नाहीत, कारण ती चिन्हे डोळ्यांना फसवतात. पत्ता लिहिताना चूक झालीच, तर ती तपासणीतून निसटण्याची शक्यता सुमारे ४३० कोटींत एक. यंत्राइतकाच माणसाच्या हाताचाही विचार त्यात केलेला दिसतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

किल्ली सांभाळण्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीला ही काळजी दिसत नव्हती. नाणी वॉलेटमध्ये कधीच नसतात. नोंदी हजारो संगणकांवरच्या सामायिक खतावणीत असतात आणि वॉलेटमध्ये त्या नोंदींवर हक्क सांगणाऱ्या किल्ल्या असतात. पहिल्या वॉलेटमध्ये या किल्ल्या एका साध्या फाइलमध्ये असत. तिला पासवर्डचे कुलूप २०११ मध्ये मिळाले. शिवाय ते वॉलेट शंभर किल्ल्या आगाऊ तयार ठेवी. त्या संपल्यावर नव्या बनत, आणि ज्याने दरम्यान फाइलची ताजी प्रत काढली नसेल त्याचा संगणक बिघडला, तर नव्या किल्ल्यांवरचे पैसे कायमचे अडकत. २०१२ मध्ये एकाच बीजातून, म्हणजे एका मूळ गुप्त संख्येतून, सगळ्या किल्ल्या क्रमाने काढण्याची पद्धत मांडली गेली आणि २०१३ मध्ये ते बीज शब्दांत लिहिण्याचे प्रमाण आले : २०४८ शब्दांची यादी, बारा शब्दांत १२८ बिटांचे गुपित आणि ४ बिटांची तपासणी. जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा भाषांच्या याद्या पुढे जोडल्या गेल्या. मराठीची नाही, याची खंत वाटते, कारण विट्याच्या त्या पानावरचा घोळ नेमका तिथूनच आला होता.

किल्ली दुसऱ्याकडे सोपवणे हा त्यावरचा सोयीचा मार्ग, आणि एक्सचेंजवर, म्हणजे अशा चलनांच्या ऑनलाइन खरेदी-विक्री बाजारात, खाते उघडणारे बहुतेक जण तोच धरतात. २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडाले आणि जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्याची मालमत्ता चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांकडे खात्याचे पासवर्ड होते, किल्ल्या नव्हत्या.

इंग्रजी यादीत ‘वर्ड’ही आहे आणि ‘वर्ल्ड’ही. आम्ही इंटरनेटला न जोडलेल्या उपकरणात आधी ‘वर्ल्ड’ घालून पाहिला, तो तपासणीत बसला नाही, ‘वर्ड’ बसला. पोराने बाराही शब्द रोमन लिपीत, एकेक अक्षर सुटे करून, नव्या पानावर लिहून काढले आणि वडिलांनी ते पान तिजोरीत जमिनीच्या कागदांखाली ठेवले. पैसे पाठवणाऱ्याला त्यांनी फक्त पत्ता धाडला.