पेरलेली बी उष्णतेची बेरीज करते

वसंताच्या तोंडावर परसबाग करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: बियाणं खराब निघालं. थंडी ओसरते, दुपारचं ऊन अंगाला लागायला लागतं, हात शिवशिवतात. वाफे तयार होतात आणि पालक, कांदा, गाजर, टोमॅटो, काकडी, घेवडा असं सगळं एकाच सुट्टीच्या दिवशी पेरून मोकळं व्हायचं. पंधरा दिवस उलटतात. पालकाची दोन-चार हिरवी टोकं दिसतात, कांद्याचा पत्ता नसतो, आणि घेवडा उकरून पाहावा तर बी लिबलिबीत झालेली. दोष बियाण्यावर जातो. पण बऱ्याचदा बियाण्यात काहीच खोट नसते. हवा बघून पेरणी केलेली असते आणि बी असते मातीत. वर्षातल्या या काळात हवा आणि माती यांची तापमानं एकमेकांपासून खूप लांब असतात.

माती उष्णता सावकाश वाहून नेते. दिवस-रात्रीच्या तापमानाचा हेलकावा जमिनीत उतरताना झपाट्याने विरतो. साधारण १० सेंटीमीटर खोलीवर पृष्ठभागावरच्या चढउताराचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो आणि दुपारचं शिखर तिथे जवळपास चार तास उशिरा पोचतं. जोसेफ फूरिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्णतावहनाचं जे गणित मांडलं, त्यातून हे आकडे सरळ निघतात. तेच गणित वर्षाच्या हेलकाव्याला लावलं, तर तो सुमारे दोन मीटरपर्यंत उतरतो आणि तिथे जवळजवळ दोन महिने मागे पडतो. म्हणजे वसंताच्या सुरुवातीला वाफ्याच्या वर ऊन असतं आणि वाफ्याखाली अजून हिवाळा असतो. दिवसा वरच्या थराने मिळवलेल्या उष्णतेतला काही भाग खालची गार माती ओढून घेते.

त्यात माती ओली असते. एक अंशाने तापायला पाण्याला तेवढ्याच आकारमानाच्या खनिज कणांच्या साधारण दुप्पट उष्णता लागते. पण खरा खर्च बाष्पीभवनाचा. एका चौरस मीटर वाफ्यावरून एक लिटर पाणी उडून जायला सुमारे २४.५ लाख ज्यूल अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात जाणारी उष्णता, लागतो. ढोबळ हिशेबाने, तेवढ्या उष्णतेत त्याच चौरस मीटरमधली वरची १० सेंटीमीटर ओली माती आठ-नऊ अंशांनी तापली असती. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती वसंतात उशिरा जागी होते आणि रेताड माती लवकर, त्याचं कारण हेच. जुनी शेतकरी मंडळी वाफशाची, म्हणजे जादा पाणी निघून जाऊन माती नुसती ओलसर राहण्याची, वाट का बघतात, यामागेही हे एक कारण आहे. वाफसा आलेल्या मातीत हवा खेळते, आणि ऊन पाणी उडवण्यात खर्ची न पडता माती तापवायला लागतं.

आता बीकडे येऊ. या विषयातला सगळ्यात सुंदर भाग इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

१७३५ साली रेने-आंत्वान द रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. वनस्पती दिवस मोजत नाहीत, त्यांना मिळालेली उष्णता साठत जाते आणि ठरावीक बेरीज झाली की पुढचा टप्पा गाठला जातो. ते रोजच्या तापमानांची बेरीज करून एका वर्षाचा हंगाम दुसऱ्या वर्षाशी ताडून बघत होते. कल्पनेत एक उणीव होती: बेरीज शून्य अंशापासून का करायची? नंतर लक्षात आलं की प्रत्येक वनस्पतीचा आपला एक उंबरठा असतो. त्याच्या खालची उष्णता तिच्या लेखी नसल्यासारखीच. वरचे अंश तेवढे मोजायचे आणि दिवसांनी गुणायचे. या एककाला अंश-दिवस म्हणतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरिंग्टन यांचे भाज्यांच्या उगवणीचे आकडे बागकामाच्या मार्गदर्शिकांमधून आजही वापरले जातात. त्यांत कांद्याची ओळ अशी आहे: माती ५ अंश सेल्सिअस असेल तर उगवायला ३१ दिवस, १० अंशांना १३, १५ अंशांना ७, २० अंशांना ५ आणि २५ अंशांना ४ दिवस. नुसतं बघितलं तर यात काही सूत्र दिसत नाही. आता कांद्याचा उंबरठा २ अंश धरा. ५ अंशांच्या मातीत कामाचे अंश ३, गुणिले ३१ दिवस, झाले ९३. १० अंशांना ८ गुणिले १३, म्हणजे १०४. १५ अंशांना १३ गुणिले ७, ९१. २० अंशांना १८ गुणिले ५, ९०. २५ अंशांना २३ गुणिले ४, ९२. दिवसांमध्ये जवळजवळ आठपट फरक आणि गुणाकार मात्र नव्वदीच्या आसपास घुटमळतोय. दिवस पूर्णांकात नोंदलेले असल्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच. ज्या बीला मेंदू नाही, घड्याळ नाही, तिच्याकडून असा गुणाकार निघतो, हे मी कितीही वेळा पडताळलं तरी मन भरत नाही.

टोमॅटोची ओळही करून बघा. १० अंशांना ४३ दिवस, १५ ला १४, २० ला ८, २५ ला ६. इथे २ अंशांचा उंबरठा चालत नाही. ८ अंश धरावा लागतो. मग गुणाकार येतात ८६, ९८, ९६ आणि १०२. म्हणजे टोमॅटोला कांद्यापेक्षा फार जास्त उष्णता लागते असं नाही. त्याची मोजणी उशिरा सुरू होते, एवढंच. ७ अंशांच्या मातीत कांद्याच्या खात्यात रोज ५ अंश-दिवस जमा होतात, टोमॅटोच्या खात्यात शून्य.

उंबरठा कुठून आला? मूळ प्रदेशातून. कांदा, पालक, वाटाणा हे मध्य आणि पश्चिम आशियाच्या बाजूचे. गार ऋतूतल्या ओलाव्याचा फायदा घेऊन वाढणाऱ्यांचं हे कुळ. टोमॅटोचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले. घेवडा, भेंडी, काकडी हीसुद्धा उष्ण हवामानाची पिकं. गारठ्यात रुजणारी बी अशा झाडांना घातकच ठरली असती, कारण उगवल्यावर रोपाने त्या गारठ्यात तग धरला नसता.

बीच्या आत ही बेरीज कशी होते, तेही बघू. पेरल्यावर पहिल्या काही तासांत बी पाणी शोषून फुगते. ही निव्वळ भौतिक क्रिया आहे, मेलेली बीसुद्धा फुगते. त्यामुळे भिजवून बी फुगली म्हणजे ती जिवंत आहे, असं समजू नये. मग पाणी घेणं जवळजवळ थांबतं आणि बाहेरून काहीच घडत नाही असा काळ येतो. खरं काम याच काळात चालतं. साठवणीत राहून मोडलेला डीएनए दुरुस्त होतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया पुन्हा उभ्या राहतात, नवी प्रथिनं बनतात. जिबरेलिन हे संप्रेरक एन्झाइम तयार करण्याचे हुकूम सोडतं. टोमॅटोत मूलांकुराच्या, म्हणजे बीतल्या कोवळ्या मुळाच्या, टोकासमोर भ्रूणपोषाची, म्हणजे अन्न साठवणाऱ्या पेशींची, एक घट्ट टोपी असते. तिच्या पेशीभित्तिकांमधल्या मॅनन या कर्बोदकाच्या साखळ्या एन्झाइम तोडत जातात आणि टोपी कमकुवत होते. आतून मूलांकुराचा दाब असतो. दाब टोपीच्या ताकदीपेक्षा वरचढ झाला की मूळ बाहेर येतं. या सगळ्या कामाचा वेग तापमानावर ठरतो. एकट्या एन्झाइमचा वेग तापमानाबरोबर वक्र रेषेत वाढतो, पण अशा कित्येक क्रियांचा एकत्रित परिणाम मधल्या पट्ट्यात सरळ रेषेच्या बराच जवळ जातो. आपला साधा गुणाकार जमतो तो त्यामुळे. पट्ट्याच्या वर गेल्यावर तो मोडतो. लेट्यूसच्या बऱ्याच वाणांची बी ३० अंशांच्या वर उगवायचंच नाकारते.

मग लवकर पेरण्यात फायदा किती? समजा, पहिले १५ दिवस माती ४ अंशांवर आहे आणि त्यानंतर १२ अंशांवर जाते. पहिल्या दिवशी पेरलेल्या कांद्याच्या खात्यात १५ दिवसांत ३० अंश-दिवस जमतील. उरलेले साठेक पुढच्या सहा दिवसांत. म्हणजे तो एकविसाव्या दिवशी उगवेल. तोच कांदा पंधरा दिवस थांबून पेरला, तर नऊ दिवसांत, म्हणजे चोविसाव्या दिवशी वर येईल. पंधरा दिवसांची घाई केली आणि हाती लागले तीन दिवस. त्या पंधरा दिवसांत बी गार, ओल्या मातीत पडून राहते. पिथियमसारखे बी कुजवणारे सूक्ष्मजीव तिथे दबा धरून असतात.

गार मातीत उगवायला लागणाऱ्या उशिराची आणखी एक किंमत आहे. एकाच पाकिटातल्या सगळ्या बियांची बेरीज सारखी नसते. समजा, काहींना ८० अंश-दिवस पुरतात आणि काहींना ११० लागतात. २० अंशांच्या मातीत हा फरक दोन दिवसांहून कमी. ५ अंशांच्या मातीत तोच दहा दिवसांचा. गार मातीतली ओळ विरळ, लहान-मोठ्या रोपांची दिसते ती यामुळे.

घेवड्याचं दुखणं वेगळं आहे आणि ते अधिक गंभीर आहे. कोरड्या बीतली पेशीपटलं विस्कळीत अवस्थेत असतात. पाणी आत शिरताना ती पुन्हा नीट रचली जातात. थंडीत खोबरेल थिजतं तशी या पटलांतली स्निग्ध द्रव्यं गार पाण्यात घट्ट होतात आणि रचना अपुरी राहते. पेशीतली साखर आणि अमिनो आम्लं बाहेर झिरपतात. बीची शक्ती जाते, आणि झिरपलेल्या साखरेवर पिथियम येतो. ही इजा पाणी शोषण्याच्या पहिल्या काही तासांतच होते. म्हणून नंतर ऊन पडलं तरी ती बी सावरत नाही. घेवडा, भेंडी, काकडी यांना माती निदान १६ अंशांवर हवी.

चंद्राच्या कला बघून पेरणी करावी, असा सल्ला जगभर दिला जातो. वाढत्या चंद्रात पेरलं की ओढ लागून अंकुर वर येतो म्हणतात. चंद्राचा भरती आणणारा परिणाम पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा आहे. पौर्णिमेचं चांदणं उन्हाच्या जवळपास चार लाखाव्या भागाइतकं. शिवाय चंद्राची फेरी साडेएकोणतीस दिवसांची, त्यामुळे वसंतातली पहिली पौर्णिमा एखाद्या वर्षी विषुवदिनानंतर लगेच येते, तर एखाद्या वर्षी चार आठवड्यांनी. त्या चार आठवड्यांत माती कित्येक अंशांनी तापलेली असते. चंद्र बघून पेरणाऱ्याला यश आलंच, तर ते मातीच्या तापमानाचं यश आहे. उगवण दुप्पट करण्याचा दावा करणारी टॉनिकंही याच माळेतली. मातीचे अंश कुठल्याही द्रावणाने वाढत नाहीत.

साधा, लांब दांडीचा मातीचा थर्मामीटर मात्र घ्यावाच. तो बी जितकी खोल पेरायची तितकाच खोल खुपसावा, सकाळी लवकर आणि दुपारी उशिरा आकडा बघावा आणि दोन्हींची सरासरी काढावी. सलग चार-पाच दिवसांची सरासरी उंबरठ्याच्या बऱ्यापैकी वर असेल तर पेरावं. माती लवकर तापवायची असेल तर पाणी काढून देणं सगळ्यात परिणामकारक, म्हणून गादीवाफा. पारदर्शक प्लास्टिक काळ्यापेक्षा जास्त तापवतं, कारण ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. पण त्याखाली तणही जोमाने येतं. काळं प्लास्टिक मातीला घट्ट चिकटलेलं हवं. मध्ये हवेचा थर राहिला तर प्लास्टिक तापतं आणि माती गारच राहते. गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन या काळात काढून ठेवावं. ते उन्हाळ्यात मातीला थंड ठेवतं, आणि आत्ताही तेच करतं.

रोप एकदा वर आलं की मोजणीची पद्धत बदलते. कांदा, कोबी, गाजर, बीट या द्विवर्षायू, म्हणजे दुसऱ्या वर्षी फुलणाऱ्या, पिकांत उष्णतेसोबत थंडीचीही नोंद होऊ लागते. काही आठवडे सलग थंडी सोसली की ही झाडं हिवाळा उलटला असं समजून फुलोऱ्याकडे वळतात. याला वासंतीकरण म्हणतात. गुस्ताव्ह गासनर यांनी १९१८ मध्ये धान्यांवर याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे सोव्हिएत संघात त्रोफिम लायसेन्को यांनी याच खऱ्या निरीक्षणावर अफाट दाव्यांचा डोलारा उभारला आणि तिथल्या अनुवंशशास्त्राची अनेक दशकं वाया घालवली. त्यांचे टीकाकार निकोलाय वाविलोव १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. थंडीची आठवण झाडात नेमकी कशी राहते, याचा धागा १९९९ मध्ये ॲराबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत सापडला. तिथे एफएलसी नावाचं जनुक फुलणं रोखून धरतं, आणि लांबलेली थंडी त्याला हळूहळू गप्प करते.

परसबागेत याचा अर्थ असा की कांद्याचं रोप लावताना जाडजूड बघून निवडू नये. कोवळ्या, बारीक रोपाला थंडीची ही नोंद घेता येत नाही. पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप ती घेतं. अशा रोपाला लावल्यानंतर काही आठवडे १० अंशांखालची हवा मिळाली, की कांदा पोसण्याऐवजी डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. गार वसंतात लावायचं तर बारीक रोपं निवडावीत.