हिरव्या तारेत दडलेला ताल

कुडाळला भंगारात पंख्याची मोटर शोधत होतो. पत्र्यांच्या ढिगाआड एक अवाढव्य मॉनिटर भिंतीकडे तोंड करून बसला होता. "हो टीव्ही न्हय, ह्येका डिशची वायर बसणा नाय," म्हणत काकांनी तो किलोच्या भावाने देऊ केला. मागचं सॉकेट पाहिलं आणि मोटर विसरलो. तीन जाड गोल टोकं, सोबत दहा बारीक. हे १३डब्ल्यू३, म्हणजे सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांच्या वर्कस्टेशनचा, म्हणजे व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकाचा सोबती. हा पीसीच्या नव्हे, दुसऱ्याच घरातला निघाला.

तरी तो माझ्या पीसीला जोडायचं ठरवलं. सॉकेट जुळवणारा तुकडा मिळतो, पण दोन्ही कंपन्यांची आतली जोडणी वेगळी, तेव्हा विचारून घ्यावा. खरी अडचण तालाची, म्हणजे सेकंदाला किती ओळी काढायच्या याची आहे. आपला जुना टीव्ही ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा काढायचा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. व्हीजीएच्या, म्हणजे पीसीच्या जुन्या नेहमीच्या जोडणीच्या, साध्या पडद्याला साधारण ३१,५०० लागतात. १२८०×१०२४ चं चित्र ६० वेळा काढायचं तर हा आकडा ६४ हजारांच्या घरात जातो. अशा बऱ्याच मॉनिटरांचं सर्किट एक-दोन ठरावीक वेगांसाठीच बांधलेलं असतं. भलता वेग दिला तर चित्र फाटतं, क्वचित सर्किटही जळतं.

त्यात ओळ कुठे सुरू करायची ही खूण पीसी वेगळ्या तारांवरून पाठवतो. सिलिकॉन ग्राफिक्सवाले ती हिरव्या रंगाच्या तारेतच घालत. रंगाला ०.७ व्होल्ट, आणि काळ्याच्याही खाली ०.३ व्होल्टची बुडी म्हणजे खूण. उलट बाजूने असं जुनं यंत्र आजच्या एलसीडीला जोडलं, तर ज्याला ही बुडी कळत नाही तो काळा राहतो किंवा सगळं हिरवट दाखवतो.

मॅट्रॉक्स कंपनीच्या काही जुन्या ग्राफिक्स कार्डांना ही खूण हिरव्यात घालता येते. मी तेच लावलं आणि लिनक्समध्ये वेगाचे आकडे हाताने भरले. पीसी सुरू होतानाचा मजकूर ३१ हजारांच्या तालात येतो, त्यामुळे तेवढा वेळ पडदा आंधळाच. चक्क आंधळेपणाने एंटर दाबायचं!

त्याआधी मात्र कोकणातली खास तयारी लागते. चित्रनळीला २०-२५ हजार व्होल्ट लागतात. खाऱ्या दमट धुळीच्या थरावरून ते गळतात, चर्र आवाज येतो, ओझोनचा उग्र वास सुटतो. म्हणून बुरशी टाळायला आपण कपाटात बल्ब ठेवतो ना, तसाच मॉनिटरशेजारी दोन आठवडे ठेवला. झाकण मी उघडलं नाही. नळीची काच दोन्ही बाजूंच्या लेपामुळे कपॅसिटरसारखा विद्युतभार धरून ठेवते, प्लग काढल्यावरही. आतल्या धुळीची सफाई टीव्हीच्या जुन्या मेकॅनिककडून करून घेतली. त्याने आधी नळी अर्थ केली, मगच ब्रश हातात घेतला.

आता तो चालतो. आषाढात मात्र मी त्याला लावत नाही.