आधी खालचं तिकीट बघा, मग वरची अक्षरं: चिनी ओव्हरप्रिंट ओळखताना

माझ्याकडे चीनचं एक जुनं पोस्टाचं तिकीट आहे, शिडाच्या जहाजाचं, संग्राहक लोक त्याला जंक म्हणतात. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, आणि त्यावर वरून खाली एका रांगेत पाच काळी चिनी अक्षरं मारलेली. मला चिनी येत नाही, पण ही पाच अक्षरं झोपेतून उठवलं तरी ओळखेन. शिएन, शिन, शंग, थ्ये, युंग. अर्थ असा की हे फक्त शिन प्रांतात चिकटवायचं, शिन म्हणजे शिनच्यांग, चीनचं पार पश्चिमेचं टोक.

छापून झालेल्या तिकिटावर परत असं काही छापलं की त्याला ओव्हरप्रिंट म्हणतात. परत कशाला छापायचं, तर कारण पैशाचं. शिनच्यांगचा स्थानिक पैसा बाकी चीनपेक्षा हलका होता, म्हणजे तिथे स्वस्तात तिकिटं घ्यायची आणि शांघायला नेऊन पूर्ण किमतीला खपवायची हा धंदा सहज जमला असता. म्हणून १९१५ पासून तिथल्या तिकिटांवर ही पाच अक्षरं आली. तीच अडचण पुढे १९२६ मध्ये युन्नानला आली, १९२७ मध्ये चीलिन-हेलुंगच्यांगला, १९३३ मध्ये सेचुआनला, आणि उपायही तोच झाला.

हा प्रकार आपल्याला नवा नाहीये. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, ते सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'रिफ्युजी रिलीफ' असं छापून काढलं होतं, घरात जुनी पत्रं असतील तर बघा, नक्की सापडेल. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या संस्थानातही ब्रिटिश इंडियाचीच तिकिटं संस्थानचं नाव वर छापून चालायची. आणि चीनशी थेट नातं असलेलं म्हणजे १९०० मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी हिंदुस्थानातून जे सैन्य चीनला गेलं त्यांच्यासाठी भारतीय तिकिटांवर सी. ई. एफ. ही तीन अक्षरं छापली, म्हणजे चायना एक्सपिडिशनरी फोर्स.

बरं, चिनी न येता चिनी अक्षरं कशी ओळखायची? वाचायची नाहीत, चित्रासारखी बघायची. प्रांतांच्या ओव्हरप्रिंटमध्ये पहिलं अक्षर आणि शेवटची दोन सगळीकडे तीच असतात. शेवटचं युंग सगळ्यात सोपं, खालून उघड्या चौकटीत दोन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. ते दिसलं की समजायचं हे अमुक प्रांतापुरतं वापरायचं तिकीट आहे, मग फक्त मधली दोन अक्षरं बघायची. सेचुआनमध्ये नुसत्या तीन उभ्या रेघांचं एक अक्षर येतं, ते एकदा बघितलं की विसरणं शक्य नाही. युन्नानच्या अक्षराच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब उडाल्यासारखे असतात. चीलिन-हेलुंगच्यांगवाल्यात एका अक्षराच्या खाली चार ठिपके ओळीने. झालं, अर्ध्या तासात पोरांना शिकवता येतं हे. एकच लक्षात ठेवायचं, त्या काळचा आडवा चिनी मजकूर उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे "पहिलं अक्षर" म्हणजे उजवीकडचं.

पण इथे नव्या माणसाची गडबड होते, माझीही झाली होती. आपण वरची काळी अक्षरंच बघत बसतो कारण तीच नवलाची वाटतात, आणि खालचं तिकीट बघतच नाही. मी म्हणेन आधी खालचं तिकीट ओळखा. वरची पाच अक्षरं कोणीही कुठल्याही प्रेसमध्ये छापू शकतो, खालचं तिकीट तसं छापता येत नाही, ते बारीक कोरीव काम असतं. म्हणून खोटा माल बनवणारा बहुतेक वेळा स्वस्तातलं खरं तिकीट घेतो आणि त्यावर महागडी अक्षरं छापतो, आणि तिथेच तो सापडतो.

जंकचंच उदाहरण घ्या. १९१३ ला हे तिकीट लंडनमध्ये छापलं गेलं, मग १९१४ पासून पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, आणि १९२३ मध्ये चित्रात बारीक बदल करून पुन्हा पेकिंगमध्ये. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखी, दहापट भिंगाखाली मात्र लंडनच्या रेषा जास्त रेखीव दिसतात. आता वरच्या शिनच्यांगच्या अक्षरांकडे या. १९१५ च्या पहिल्या छपाईत सगळ्यात वरचं अक्षर अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकलेलं आहे आणि पाच अक्षरांची रांग १६ मिलिमीटर लांब आहे, तर १९१६ नंतरच्या छपाईत पाचही अक्षरं एका रेषेत आणि लांबी साडेपंधरा. म्हणजे वरचं अक्षर डावीकडे सरकलेलं, लांबी १६, आणि खालचं तिकीट मात्र १९२३ चं, असं काही हातात आलं तर पुढे काही तपासायची गरजच नाही, कारण १९१५ मध्ये ते तिकीट जन्मालाच आलं नव्हतं.

अर्ध्या मिलिमीटरवर एवढं अवलंबून असतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही. १८९७ मध्ये चीनच्या पोस्टाने चांदीच्या वजनाचा जुना हिशोब सोडून डॉलर-सेंट धरले, तेव्हा जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापल्या. किंमत बदलणाऱ्या अशा ओव्हरप्रिंटला सरचार्ज म्हणतात. त्यात विधवा सम्राज्ञी त्सिशीच्या साठाव्या वाढदिवसाची जी तिकिटं आहेत त्यांच्या मोठ्या आकड्यांच्या छपाईत चिनी अक्षरं आणि खालचा आकडा यांच्यात एका वेळी अडीच मिलिमीटर जागा आहे तर दुसऱ्या वेळी दीड, आणि तेवढ्यावर किमतीत मोठा फरक पडतो. त्याच वर्षी लंडनहून छापून आणलेली, पण न वापरता पडून असलेली ३ सेंटची लाल महसूल तिकिटंही पोस्टासाठी घेतली. त्यावर १ डॉलरची किंमत आधी छोट्या चिनी अक्षरांत छापली, मग ती मोठी केली. छोट्या अक्षरांची आज जगात तीसेकच माहीत आहेत, चीनच्या सगळ्यात दुर्मिळ तिकिटांत त्यांची गणना होते. खालचं लाल तिकीट दोन्हींत तेच, फक्त अक्षरांचा आकार वेगळा.

आता शाईकडे येऊ, मला सगळ्यात आवडणारा भाग. जुने ओव्हरप्रिंट बरेचसे शिशाच्या टाइपने छापलेले, म्हणजे उठावाचा टाइप शाई लावून कागदावर दाबायचा. दाबल्यावर शाई मधून कडेला ढकलली जाते, त्यामुळे भिंगातून बघितलं की अक्षराच्या रेघेची कड गडद दिसते आणि आतला भाग थोडा फिका. दाब जोरात असेल तर मागच्या बाजूला टाइपचा उठाव पण येतो, तिकीट उलटं करून टॉर्च अगदी आडवा धरला की तो उठाव सावली टाकतो. ऑफसेटची, म्हणजे रबराच्या रुळावरून कागदावर उतरवलेली शाई याच्या उलट सपाट बसते. घरच्या लेझर प्रिंटरने छापलेलं असेल तर अक्षर कागदावर प्लास्टिकसारखं चमकतं आणि आजूबाजूला टोनरचे बारीक कण उडालेले दिसतात, आणि इंकजेटची शाई तंतूंमधून फुटते.

दुसरी गोष्ट, वापरलेल्या तिकिटावर पोस्टाचा शिक्का असतो. ओव्हरप्रिंट आधी, पत्रावर चिकटवणं मग, शिक्का शेवटी. म्हणजे शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असायला हवी. दोन्ही काळ्या असल्या की भिंगातूनही चकवा बसू शकतो, म्हणून दोघं जिथे एकमेकांना छेदतात ती जागा वेगवेगळ्या कोनातून उजेड पाडून बघायची, घाई करायची नाही. शिक्क्यातली तारीखही वाचायची. १९१२ नंतरच्या शिक्क्यांत बऱ्याच वेळा प्रजासत्ताकाचं वर्ष असतं, त्यात १९११ मिळवले की आपलं वर्ष मिळतं, ४ म्हणजे १९१५ आणि ३८ म्हणजे १९४९. शिक्का ओव्हरप्रिंटच्या आधीचा निघाला तर विषय संपला.

एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही जवळ ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, त्यामुळे १९१५ चा कागद निळा-पांढरा चमकायला नको. पण तेवढ्यावरून तिकीट खोटं ठरवू नका, कोणीतरी ते साबणाच्या पाण्यात भिजवलेलं असलं तरी चमकतं, कपड्यांच्या पावडरीतही तीच रसायनं असतात.

नवीन माणसाने सुरुवात मात्र १९४६ ते १९४९ च्या सरचार्जपासून करावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातली कितीतरी तिकिटं आजही अगदी स्वस्त मिळतात आणि एका देशाचा पैसा कसा कोसळला ते त्या छोट्या कागदांवर पायरी पायरीने दिसतं. महागाई एवढ्या वेगात की नवी तिकिटं छापून यायच्या आत दर बदललेले, मग चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांच्या चेहऱ्याची काही सेंटांची जुनी तिकिटं काढायची आणि त्यांच्यावर हजारांच्या किमती छापायच्या. १९ ऑगस्ट १९४८ ला नवा सोन्याचा युआन आला, ३० लाख जुने द्या आणि एक नवा घ्या. वर्षही झालं नाही, जुलै १९४९ मध्ये चांदीचा युआन, तो ५० कोटी सोन्याच्या युआनला एक. दोन्ही गुणून बघा, एका चांदीच्या युआनला जुने किती पडले ते, दीड हजार लाख कोटी. १९४९ मध्ये शेवटी किंमतच न छापलेली तिकिटं काढायला लागली, जो दर त्या दिवशी असेल त्याला विकायची.

ही तीन चलनं तिकिटावर ओळखायलाही सोपी आहेत. राष्ट्रीय चलनाच्या, म्हणजे सोन्याच्या युआनआधीच्या जुन्या पैशाच्या सरचार्जमध्ये सुरुवातीचं अक्षर मोठ्या चौकोनात बंद केलेलं असतं. सोन्याचं अक्षर तंबूसारखं, वर दोन्हीकडे उतरतं छप्पर आणि तळाशी दोन छोटे फराटे. आणि चांदीच्या अक्षरात डाव्या बाजूला तेच सोन्याचं अक्षर बारीक होऊन बसलेलं असतं, उजवीकडे दुसरा भाग जोडलेला. किमतीचे आकडेही साधे एक-दोन-तीन असे रेघांचे नसतात, अवघड लिपीतले असतात, कारण चिनी साध्या एक मध्ये एक रेघ वाढवली की दोन होतो, अजून एक वाढवली की तीन, म्हणून हुंड्या-पावत्यांवर वापरायची किचकट रूपं तिकिटांवरही आली.

मागे एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी शिनच्यांगचं एक तिकीट बऱ्यापैकी पैसे देऊन घेतलं होतं, वरची पाच अक्षरं छान, एका रेषेत, लांबी बरोबर साडेपंधरा. घरी येऊन भिंग लावलं तर अक्षरांच्या कडा गडद नव्हत्या, सगळी शाई एकसारखी सपाट, मागे उठाव नाही. शिक्क्याचा जेवढा भाग वाचता येत होता त्यात इंग्रजीत शांघाय होतं, म्हणजे जे तिकीट शिनच्यांगबाहेर चालायचंच नाही ते शांघायला वापरलेलं. आणि एका जागी, तिसऱ्या अक्षराच्या तळाशी, उभा चौकोन आणि त्यात दोन आडव्या रेघा असतात तिथे, शिक्क्याची गोल रेघ अक्षराच्या खालून जात होती. ते मी अल्बममध्ये जंकच्या खऱ्या तिकिटाशेजारीच लावून ठेवलंय, आणि कोणी शिकायला आलं की पहिल्यांदा भिंग त्याच्या हातात देऊन ती एकच जागा शोधायला सांगतो.